नमुन्याचा कागद

लोनाने नमुना म्हणून पाठवलेल्या कागदावरचं नाव पूर्वीच कुणीतरी जाड काळ्या शाईने खोडलेलं होतं, पण कागद आपलाच आहे हे ओळखायला डोरीनला नाव लागलं नाही. सकाळचे पावणेआठ वाजले होते. कोट अजून अंगावर, गाडीची किल्ली हातात, आणि टेबलावर पिवळा लिफाफा. लिफाफ्याला भरती विभागातल्या लोनाची चिठ्ठी टाचलेली: 'अकराच्या बैठकीसाठी. तू मंडळावर पहिल्यांदाच बसतेयस म्हणून एक जुना भरलेला फॉर्म जोडलाय. अस्साच भरायचा. अगदी आदर्श आहे!' आदर्शच्या खाली दोन रेघा. डोरीन उभ्याउभ्याच वाचत गेली. रुजू होण्याची तारीख, ऑक्टोबरातला तिसरा सोमवार, अकरा वर्षांपूर्वीचा. नोकरीचा अनुभव: दहा महिने, खासगी दवाखाना. लष्करी सेवा: मेडिक, परदेशी पंधरा महिने. ठरवलेली पायरी: पहिली. आपला जुना फोटो दुसऱ्याच्या घरात भिंतीवर लावलेला दिसावा तसं तिला झालं. आधी हसू आलं, मग हसू कुठे ठेवावं ते कळेना. ह्या दवाखान्यात दरसाल माणसं घेतली जातात, आणि लोनाच्या कपाटातून आदर्श म्हणून निघालं ते आपलंच. मग तिची नजर तळाच्या तीन सह्यांकडे गेली. दोन ओळखीच्या नव्हत्या. तिसऱ्या सहीतला 'प' पोटाशी पाय घेऊन झोपलेल्या माणसासारखा होता, आणि ती सही तिने पुढे चार वर्षं रोज पाहिली होती, औषधांच्या चिठ्ठ्यांवर, सुट्टीच्या अर्जांवर, वाढदिवसाच्या कार्डावर. अर्ल पेट्रोस्की.

माजी सैनिकांच्या ह्या दवाखान्यात फिजिशियन असिस्टंट म्हणून जो कोणी येतो, त्याचा पगार साहेब ठरवत नाही. हे लोक डॉक्टर नव्हेत, पण तपासणं, औषध लिहिणं, टाके घालणं ही डॉक्टरांची बहुतेक कामं तेच करतात. पूर्वी कॉलेजात शिकून आलेल्यांपेक्षा लढाईवरून आलेलेच ह्या धंद्यात जास्त असत. त्यांची पगाराची पायरी त्यांच्यातलेच तिघे बंद खोलीत बसून ठरवतात. हे तिघांचं मंडळ, त्यांची नावं गुप्त. येणाऱ्याला फक्त पत्र येतं की तुमची पायरी अमुक. पायरी पहिली धरली की माणूस तिथून दोन वर्षांनी एक असा वर सरकतो, आणि पहिल्या दिवशी जे मागे पडलं ते निवृत्त होईपर्यंत मागेच राहतं. अकरा वर्षांत सरपटत सरपटत डोरीन सहाव्या पायरीवर आली होती. शेजारच्या खोलीतली, औषध लिहायची परवानगी असलेली नर्स तेच रुग्ण तपासायची, तेच औषध लिहायची, आणि नर्सांच्या पगाराची दरसाल बाजारभावाशी पडताळणी होत असल्यामुळे घरी बरंच जास्त न्यायची. त्याचं डोरीनने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. लावून घेतलं नव्हतं असं ती म्हणायची. मंडळात आपल्या धंद्याची माणसं असतात, त्यांनी पाहूनच ठरवलं असेल, ह्या समजुतीवर तिने अकरा वर्षं काढली होती. आता समजुतीखाली सही निघाली.

कोट काढताना तिच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर झाली. ती अशी अधूनमधून व्हायची. लढाईवर ती मेडिक, जखमींना जागीच सांभाळणारी, असताना हॉब्स नावाचा एक ड्रायव्हर होता, एकोणीस-वीस वर्षांचा, त्याच्या जांघेतून वाहणारं रक्त दाबायला ही बोटं चाळीस मिनिटं रुतवून ती हलत्या गाडीच्या मागच्या भागात गुडघ्यांवर बसली होती. डिझेलचा वास, आणि हॉब्स सारखा विचारत होता की माझा बूट कुठाय. बूट त्याच्या पायातच होता. ती दर वेळी सांगायची, आहे रे बाबा, पायातच आहे. गाडीत दुसरं कोणी नव्हतं ज्याला ती विचारू शकेल की आता काय करू. ते सगळं फॉर्मवर 'मेडिक, परदेशी पंधरा महिने' ह्या एका ओळीत मावलं होतं, आणि तेही चुकीच्या रकान्यात. नोकरीचा अनुभव एकीकडे, लष्करी सेवा दुसरीकडे. मंडळ मोजतं ते पहिलं. पण सैन्यातून आलेला माणूस तिथलं काम नोकरीच्या रकान्यात लिहितच नाही. ती काय नोकरी होती? नोकरीतून संध्याकाळी घरी येता येतं. नियमावलीत एका कोपऱ्यात अर्धं वाक्य आहे की लष्करात प्रत्यक्ष केलेली रुग्णसेवा मंडळाला अनुभवात धरता येईल. धरता येईल, मंडळातल्या कुणाला दिसली तर. डोरीनने ते वाक्य वाचलं तेव्हा तिला इथे तीन वर्षं झाली होती. फेरविचार मागायची मुदत तीस दिवसांची, पत्राच्या पाठीमागे बारीक अक्षरांत. पत्राची पाठ कोण वाचतं? नोकरी लागली म्हणून आईने त्या रात्री कोबी-नूडल्स केल्या होत्या. तेव्हापासून हे दुखणं तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण चूक आपलीच, आपणच हात दाखवून अवलक्षण केलेलं.

लिफाफ्यात दुसरा कागद होता, त्यावरचं नाव खोडलेलं नव्हतं. मारिसोल क्विन्टेरो, वय एकतीस. अकराच्या बैठकीत हिचीच पायरी ठरायची होती. नोकरीचा अनुभव: आठ महिने, खासगी दवाखाना. लष्करी सेवा: नौदल, मरीन तुकडीबरोबर मेडिक, दोन फेऱ्या. बस. एवढंच. डोरीन खुर्चीत बसली. मरीन सैनिकांबरोबर दोनदा आघाडीवर जाऊन येणं म्हणजे काय हे तिला कागद न उलटता दिसत होतं, आणि ही बाईही ते चुकीच्या रकान्यात टाकून मोकळी झाली होती. मंडळात आज सैन्यातून आलेली डोरीन एकटीच. ती बोलली आणि लढाईतला तो काळ धरला गेला तर क्विन्टेरो सातव्या पायरीवर रुजू होईल, पहिल्याच दिवशी डोरीनच्या डोक्यावर. नाही बोलली तर पहिल्या पायरीवर, आणि कुणाला कधी कळणारही नाही. डोरीनला स्वतःच्या मनाची लाज वाटली, कारण मनाने दुसरी वाट किती चटकन पाहिली. 'मी काढली ना अकरा वर्षं,' असं ते म्हणालं, 'मेले का मी?' लगेच त्यावर उतारा म्हणून तिने ठरवलं की आपली खिडकीची खोली नव्या मुलीला द्यायची. आपण जाऊ आतल्या अंधाऱ्या खोलीत. मुलगी नवी आहे, उजेड बरा. एवढं ठरल्यावर तिला जरा बरं वाटलं.

नऊ वाजता यादीतला दुसरा रुग्ण अर्ल पेट्रोस्की होता. यादी आठवड्यापूर्वी लागलेली, त्यात कुणाचा काही कट नव्हता. निवृत्त झाल्यापासून तो दर तीन महिन्यांनी रक्तदाबासाठी तिच्याचकडे यायचा. 'दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही, हिला मी घडवलंय,' असं नोंदणीच्या खिडकीवर मोठ्याने सांगायचा. आणि घडवलं होतंच त्याने. फुप्फुसाचा आवाज कसा ऐकायचा, खोटं बोलणारा म्हातारा कसा ओळखायचा, रडणाऱ्याला पाणी कधी द्यायचं आणि कधी नाही. डोरीनचे वडील गेले तेव्हा कबरस्तानात तिच्या डाव्या बाजूला तो उभा होता. आज तो ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत टोमॅटो घेऊन आला, दर सप्टेंबरात आणायचा तसे, आणि पिशवी हात धुवायच्या बेसिनजवळ ठेवली.

"काय पोरी, तोंड का असं? कुणी गेलं का?"

"अजून नाही. बाही वर घ्या."

"अरे बापरे. आज कडक इस्त्री दिसतेय."

तिने पट्टा बांधला, फुगवला, हळूहळू सोडला. कानात ठोके सुरू झाले ते फार वरून. एकशे चौऱ्याहत्तर.

"मीठ खाताय?"

"छे. मिठाला शिवत नाही मी."

"लोणच्याचं पाणी?"

"आता लोणच्याचं पाणी तू मिठात धरतेस, तर मग आपलं बोलणंच खुंटलं." तो स्वतःच हसला. "एवढं काय? तासाभराने परत मोज. बसतो मी बाहेर."

तिने पट्टा काढला नाही. त्याच्या दंडाभोवती तो सैल पडून होता. तिने काही विचारायचं नाही असं नक्की केलेलं होतं, आणि तोंडातून शब्द बाहेर पडले ते दुसरंच कोणी बोलल्यासारखे.

"अर्ल, अकरा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात तुम्ही एका कागदावर सही केली होती."

भिंतीवर हृदयाचं चित्र होतं त्याकडे त्याने पाहिलं, मग टोमॅटोंकडे. मग म्हणाला, "कुणी दाखवला?"

कुठला कागद, असं त्याने विचारलं नाही. डोरीनला वाटलं, ह्याने निदान कुठला कागद असं विचारायला हवं होतं. एवढं तरी करायचं. क्षणभर खोटं बोलला असता तर तिने ते धरून ठेवलं असतं, अजून अकरा वर्षं काढली असती.

"लोनाने पाठवला. नमुना म्हणून. आदर्श आहे म्हणे."

अर्लच्या घशातून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि अर्ध्यावर राहिलं. "दिसलं होतं मला," तो म्हणाला. "एक ओळ. पंधरा महिने. बाकीचे दोघं कॉलेजातून आलेले, त्यांना काय कळणार. मी वाचलं आणि तू काय काय केलं असशील ते सगळं मला दिसलं. मी पण तसलंच करून आलेलो, माझ्या वेळच्या लढाईत."

"मग?"

"मग काय. मला तेव्हा इथे बारा वर्षं झालेली. माझाही कागद असाच भरलेला, माझ्या वेळी तर कुणी पाहिलंच नाही. मी तोंड उघडलं असतं तर तू आल्या दिवशी माझ्या बरोबरीला बसली असतीस. मी म्हातारा, तू पोर. नाही गिळवलं मला." तो गुडघ्यावर हात घासत होता. "नियम विचारलास तर मी काही चूक केली नाही. रकान्यात नव्हतं, धरलं नाही."

"तीस दिवस होते. मला नुसतं सांगायचं. पत्राची पाठ वाच, एवढंच."

"रोज ठरवायचो. तीस दिवस रोज, गाडी लावताना. आज सांगतो म्हणून." त्याने बेसिनकडे मान वळवली. "एकतिसाव्या दिवशी तुला टोमॅटो आणून दिले."

ते टोमॅटो तिला आठवत होते. नोव्हेंबरातले, थंडी पडण्याआधी हिरवे तोडून, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून तळघरात पिकवलेले. ह्या गावात असे टोमॅटो कुणी परक्याला देत नाही. ती नव्याने राहायला आलेली, खोलीत टेबलसुद्धा नव्हतं. उभ्याने, चाकूने कापून, मीठ लावून तिने ते खाल्ले होते आणि आपल्याला ह्या जगात कुणीतरी आहे असं वाटून तिचे डोळे भरून आले होते. ते डोळे भरून आलेलं आता कुणाला परत मागायचं? त्यानंतरचं सगळं, फुप्फुसाचे आवाज, कबरस्तानातली डावी बाजू, वाढदिवसाची कार्डं, त्या एकतिसाव्या दिवसातून निघालं होतं का? त्याचं तिच्यावर प्रेम होतं हे खोटं नव्हतं. हेच तिला सोसवत नव्हतं. तो नुसता लबाड असता तर काम सोपं होतं.

"बाहेर बसा," ती म्हणाली. "मला बैठक आहे. आल्यावर परत मोजते."

"कसली बैठक?"

तिने टेबलावरचा लिफाफा उचलला. तो तिच्या हातातल्या पिवळ्या लिफाफ्याकडे पाहत राहिला, आणि त्याला कळलं हे तिला कळलं.

बैठकीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, लांब टेबल, एक खिडकी. फोनच्या पेटीतून अध्यक्ष फिन्ली बोलत होता, दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यातून. त्याचा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. टेबलापलीकडे शस्त्रक्रिया विभागातला ट्रॉय, मनगटावरचं घड्याळ फिरवत. लोना फायली घेऊन कडेला. "क्विन्टेरो," फिन्ली म्हणाला. "शिक्षण ठीक. अनुभव आठ महिने. पहिली पायरी. ट्रॉय?" "हरकत नाही." "डोरीन?" एवढ्यात झालं सगळं. एका माणसाची वीस-पंचवीस वर्षं चहा ढवळायला लागतो तितक्या वेळात टेबलावरून पुढे आली. डोरीनने पेन उचललं. बधिर बोटांत ते लागतच नव्हतं. नाही म्हणायचं नव्हतं, हो म्हणायचं नव्हतं, नुसती सही करायची होती. तिला ती मुलगी दिसली, गॉझ कुठे ठेवलंय विचारत दारात उभी, सातव्या पायरीवर, एकतीस वर्षांची, काही ठाऊक नसलेली. तिला मत्सर वाटला, तिने तो ओळखला, त्याला दुसरं नाव नव्हतं. मग तीच मुलगी पहिल्या पायरीवर दिसली, खिडकीच्या खोलीत, उजेडात बसलेली. 'डोरीन किती चांगल्या आहेत, स्वतःची खोली दिली मला,' असं कुणाला तरी फोनवर सांगणारी. आणि पेन डोरीनच्या हातात तसंच राहिलं. खिडकी. सकाळी आठच्या आत, अजून काही केलेलं नसताना, तिने त्या मुलीसाठी खिडकी काढून ठेवली होती. अर्लसारखे टोमॅटो तिनेही आधीच कागदात गुंडाळून ठेवले होते.

"डोरीन? ऐकू येतंय का?"

"हरकत आहे," डोरीन म्हणाली. "हिच्या दोन फेऱ्या अनुभवात धरा. प्रत्यक्ष रुग्णसेवा. नियमात आहे तसं."

पेटीत कागदांची सळसळ झाली. "अनुभवाच्या रकान्यात तिने काही लिहिलेलं नाही."

"लिहिणार नाहीच. तिथलं आम्ही नोकरी म्हणून लिहीत नाही. तिला बोलावून विचारा, पळत्या सैनिकांच्या मागे पळत किती जणांना वाचवलं ते. मरीनच्या तुकडीत मेडिक म्हणजे काय, ते मी सांगते, माझ्या नावाने लिहून घ्या."

ट्रॉयने घड्याळ फिरवायचं थांबवलं. "मग ती सातवर जाते," तो म्हणाला. तो डोरीनकडे पाहत होता. तिची पायरी त्याला माहीत होती.

"हो. जाते."

"पण डोरीन, आजवर कधी आपण असं धरलेलं नाहीये गं," लोना म्हणाली, मायेनेच. "नमुन्यात बघ ना. अगदी अशीच केस आहे ती, म्हणून तर मुद्दाम तुला तो पाठवला."

डोरीन उठली. नमुन्याचा कागद तिने खिडकीच्या काचेवर दाबून धरला. बाहेर स्वच्छ ऊन होतं. जाड शाईच्या आतून टंकलेली अक्षरं एकेक करून वर आली. लोना खुर्चीतून अर्धी उठली, डोळे बारीक केले, आणि तिचा हात तोंडाकडे गेला.

"काय चाललंय तिकडे?" पेटीतून फिन्ली म्हणाला. "मला काही दिसत नाही इथून. कुणीतरी बोला."

"वाच," डोरीन लोनाला म्हणाली.

"डोरीन..."

"वाच ना. मोठ्याने."

"डोरीन हलुष्का," लोनाने वाचलं.

पेटीतून फिन्ली सावकाश, नियम वाचल्यासारखा म्हणाला, "मुदत तीस दिवसांची असते, हे तुम्हाला..."

"माहीत आहे."

"मग तुमचं म्हणणं काय आहे? तुम्हाला काय हवंय?"

काही नको, असं म्हणायची तिला फार जुनी सवय होती. ते शब्द जिभेवर येऊन बसले होते. "मला माझी पायरी हवीय," ती म्हणाली. "अकरा वर्षांची. ती तुमच्या हातात नाही हे मला कळतं, पण मला हवीय, हे नोंदीत लिहा. आणि आधी क्विन्टेरोची सात लिहा." ट्रॉय म्हणाला, "सातला माझी हरकत नाही." फिन्लीने मोठा श्वास सोडला तो पेटीतून वाऱ्यासारखा ऐकू आला, आणि मग त्याने तसं लिहून घ्यायला सांगितलं. डोरीनने सही केली. नमुन्याचा कागद लोनाला परत न देता तिने घडी घालून खिशात ठेवला. "तो फायलीतला आहे गं," लोना पुटपुटली. "दुसरा नमुना शोध," डोरीन म्हणाली.

ती जिना उतरून खाली आली. चांगलं काम केल्याचं समाधान वगैरे काही नव्हतं. पुढच्या महिन्यापासून आतल्या खोलीत आपल्याहून वर बसलेली मुलगी असेल, तिला गॉझची जागा आपण दाखवू, आणि पगाराच्या दिवशी तो मत्सर पुन्हा येईल, पुन्हा पुन्हा येईल, एवढं तिला स्पष्ट दिसत होतं. खिडकीची खोली मात्र आता द्यायची नाही. खिडकी आपली.

अर्ल बाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. दोन तास झाले होते. आत आल्यावर त्याने न सांगता बाही वर केली.

"बोललीस?"

"बोलले."

"तुझ्या वर गेली?"

"गेली. हात सैल सोडा."

एकशे अठ्ठ्याहत्तर. उतरायच्या ऐवजी चढलाच होता. तिने आकडा लिहिला, गोळी बदलली, लोणच्याचं पाणी बंद असं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याला दिलं. तो ते वाचत राहिला, जणू त्यात बरंच काही लिहिलेलं होतं.

"मी दुसऱ्या कुणाकडे नाव लावून घेऊ का?" त्याने खाली पाहतच विचारलं. "शेजारची नर्स चांगली आहे म्हणतात."

हो म्हणावंसं तिला वाटलं, अगदी ओठांवर आलं. "नाही," ती म्हणाली. "इथेच या. आता दर महिन्याला या. टोमॅटो मात्र घेऊन जा, आणि पुन्हा आणू नका." मग तिने खिशातून घडी काढली, उलगडली, आणि तपासणीच्या टेबलावर त्याच्यासमोर ठेवली. "तुमची ही सही कुणाला वाचता येत नाही. खाली नीट अक्षरात नाव लिहा. आणि काय दिसलं होतं ते लिहा."

त्याने कागदाकडे पाहिलं. खोडलेल्या नावावरून बोट फिरवलं. "ह्याने काही होणार आहे का, पोरी?"

"माहीत नाही. बहुतेक नाही."

उजव्या दंडाला पट्टा तसाच होता. तिने तो सोडवला, आणि हात मोकळा झाल्यावर त्याला पेन दिलं. घडीमुळे कागद वर उचलला जात होता, म्हणून तिने त्याचं दुसरं टोक धरून ठेवलं. अर्ल पेट्रोस्की, त्याने लिहिलं, शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर सुटं काढत. त्याच्या खाली लिहिलं, मी पाहिलं होतं.

"तारीख?" त्याने विचारलं. "तेव्हाची घालू?"

"नाही," डोरीन म्हणाली. "आजची घाला."